मसाडाच्या ९६० जणांनी खरंच सामूहिक आत्महत्या केली होती का?

रोमन सैन्याच्या हाती लागण्यापेक्षा ९६० ज्यूंनी मरण पत्करलं. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्याची ही गोष्ट रील्समधून अशीच सांगितली जाते. पण ती आपल्यापर्यंत आली एकाच माणसाच्या लेखणीतून, आणि तो तेव्हा तिथे नव्हताच.

त्याचं नाव फ्लेवियस जोसेफस. मूळचा ज्यू सेनानी. इसवी सन ६७ मध्ये तो रोमनांना शरण गेला आणि पुढे रोममध्ये सम्राटाच्या आश्रयाने त्याने या युद्धाचा इतिहास लिहिला.

तो सांगतो, जेरुसलेम ७० मध्ये पडलं तरी मृत समुद्राजवळचा हा डोंगरी किल्ला 'सिकारी' बंडखोरांकडे होता. तीन-चार वर्षांनी रोमनांनी तटबंदी फोडली. त्या रात्री पुरुषांनी आधी आपल्या बायकामुलांना मारलं. मग चिठ्ठ्या टाकून दहा जण निवडले, त्यांनी बाकीच्यांना मारलं. लपलेल्या दोन बायका आणि पाच मुलं तेवढी वाचली.

इथे एक गोष्ट खटकते. योदफात इथे आपण स्वतः शरण कसे गेलो, हे सांगतानाही जोसेफस गुहेत अडकलेले ४० जण, मरणाच्या चिठ्ठ्या आणि शेवटी उरलेले दोघं असंच वर्णन करतो. त्या दोघांपैकी एक तो स्वतः!

मग पुरावा काय सांगतो? वेढा पडला होता, यात शंका नाही. रोमन छावण्या, भिंत आणि किल्ल्यावर चढायला रचलेला मातीदगडांचा उतार आजही दिसतो. हा वेढा तीन वर्षं चालला असं म्हणतात, पण जोसेफसने तसं लिहिलेलंच नाही. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार तो काही आठवड्यांतच संपला.

सामूहिक मृत्यूचं मात्र तसं नाही. यिगाएल यादिन यांच्या १९६३ ते ६५ च्या उत्खननात नावं लिहिलेली ११ खापरं सापडली. एकावर 'बेन याईर', म्हणजे बंडखोरांच्या म्होरक्याचं नाव. यादिन यांना या त्याच चिठ्ठ्या वाटल्या. पण अक्षरं लिहिलेली अशी शेकडो खापरं किल्ल्यावर मिळाली आहेत, त्यातली बरीचशी शिधावाटपाची असावीत. सांगाडे तर ३० सुद्धा नाहीत. १९६९ मध्ये त्यांच्यावर लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले, पण ते नेमके कोणाचे होते यावर वाद आहे. त्यातल्या बहुतेकांसोबत गुहेत डुकराची हाडंही सापडली होती.

आणि याच जोसेफसने लिहिलेला एक प्रसंग विसाव्या शतकातल्या शौर्यकथेतून गळाला. वल्हांडण सणात मसाडाच्या या बंडखोरांनी शेजारच्या एन गेदी या ज्यू गावावर धाड घातली आणि ७०० हून जास्त बायकामुलं मारली.