गेटपासवरचं नाव

गाडीचा पाटा कशानं तुटतो, हे चाकण-भोसरीच्या कुठल्याही क्वालिटीवाल्याला विचारा. एका मोठ्या खड्ड्यानं तो क्वचितच तुटतो. तुटतो तो हजारो लहान धक्क्यांनी. प्रत्येक धक्का एकेकटा सहन होण्यासारखा असतो, पण आत बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि एके दिवशी सपाट रस्त्यावर पाट्याचे दोन तुकडे होतात. कारखान्यात याला ‘फटीग’ म्हणतात. असा पार्ट परत आला की पोलाद वाईट होतं एवढं लिहून कुणी फाइल बंद करत नाही. भार कुठून आला, किती वेळा आला, हेही शोधलं जातं.

पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसांच्या बाबतीत ही साधी चौकशी करायला शास्त्राला फार उशीर झाला. त्यांच्यात नैराश्याचं, आत्महत्येच्या विचारांचं प्रमाण जास्त आढळतं, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्याचा अर्थ मात्र असा लावला जाई, की त्यांच्या ओळखीतच बिघाड आहे. 1981 मध्ये व्हर्जिनिया ब्रूक्स यांनी समलिंगी स्त्रियांविषयीच्या पुस्तकात ‘मायनॉरिटी स्ट्रेस’चा विचार मांडला. इलान मायर यांनी 1995 आणि 2003 च्या निबंधांत त्याची पक्की बांधणी केली आणि 2012 मध्ये हेंड्रिक्स व टेस्टा यांनी तो पारलिंगी लोकांच्या जगण्याला लावून पाहिला. संसाराचा, पोटापाण्याचा ताण सगळ्यांनाच असतो. समाजानं बाजूला सारलेल्या माणसाला त्यावर आणखी एक भार उचलावा लागतो, असं हे म्हणणं.

मायर या भाराचे दोन थर सांगतात. वरचा थर बाहेरून येतो: शिवी, मार, नाकारलेली नोकरी. आतला थर माणूस स्वतःच वागवतो: आता नाकारतील ही धास्ती, लपवून ठेवण्याचे कष्ट, आणि लोक म्हणतात तसे आपण खरोखरच वाईट आहोत की काय ही शंका. पाट्याची उपमा इथे संपते. पोलादाला पुढच्या खड्ड्याची भीती वाटत नाही.

पहिल्या पाळीसाठी पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहणारा एखादा ट्रान्समॅन डोळ्यांसमोर आणा. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला, मनानं पुरुष असलेला, आयटीआय करून चाकणला आलेला तरुण. सर्टिफिकेटवर मुलीचं नाव, ठेकेदाराच्या मस्टरवर तेच. बसमध्ये कुठे बसायचं, गेटवर झडती कोण घेणार, कपडे कुठे बदलायचे? टॉयलेटला जावं लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. एखाद्या दिवशी कुणी चकार शब्द बोललेलं नसतं, तरी तो खोलीवर परततो तेव्हा पिळून निघालेला असतो. आठ तास मशीन चालवता चालवता त्यानं स्वतःवर पहाराही दिलेला असतो. ‘तृतीयपंथी’ म्हटलं की आपल्याला सिग्नलवरची टाळी आठवते. बॅजवरचं नाव खाली मान घालून झाकणारा हा मुलगा आपल्या मोजणीतही नसतो. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 जण नोंदले गेले. ज्यांनी घरच्यांच्या धाकानं दुसरा रकाना भरला, ते वेगळेच.

ताण ओळखीतून येतो की वागणुकीतून, हे मेक्सिको शहरात तपासलं गेलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 250 पारलिंगी व्यक्तींशी बोलणं झालं. 76 टक्क्यांनी नकार सोसला होता, 63 टक्क्यांनी हिंसा. आणि पुष्कळदा ती घरातच. मनाचा त्रास कशावरून सांगता येतो, तर या नकारावरून आणि हिंसेवरून, ओळखीवरून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये मान्य केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात पारलिंगी ओळखीचा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढला, त्यामागे असे अभ्यास होते.

मला सर्वांत जास्त हलवून गेला तो नावाचा अभ्यास. 2018 मध्ये स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 15 ते 21 वर्षांच्या 129 पारलिंगी मुलामुलींना विचारलं: तुम्ही निवडलेल्या नावानं तुम्हाला कुठे कुठे हाक मारतात? घर, शाळा, काम, मित्र. यांतलं एक ठिकाण जरी वाढलं, तरी आत्महत्येचे विचार 29 टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास लहान आहे, तिकडचा आहे, हे मान्य. पण इथे औषध काय होतं, तर हाक.

आपल्याकडे पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 2022 मध्ये, राजेश पाटील आयुक्त असताना, तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक, ग्रीन मार्शल आणि उद्यानांच्या देखभालीच्या कामावर घेतलं. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी महिना 3,000 रुपयांची पेन्शनही ठरवली. मला या निर्णयाचं मोल गणवेशात दिसतं. ज्याला दारातून हाकललं जात होतं, तोच दारावर उभा राहून इतरांना आत सोडू लागला.

मात्र नोकरीनं सगळं सुटत नाही. 2017 मध्ये कोची मेट्रोनं वीसहून अधिक पारलिंगी व्यक्तींना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं. थोड्याच दिवसांत त्यांतल्या आठ जणांनी काम सोडलं. कारण राहायला खोली मिळेना. पगार लॉजच्या भाड्यात जाऊ लागला. चाकण, म्हाळुंगे, कुरुळीत कामगार चाळीतल्या खोलीवरच टिकतो. खोलीमालकानं ‘फॅमिलीवाले हवेत’ म्हणून मान हलवली, की ऑफर लेटरचा कागद होतो.

म्हणूनच हिजडा समाजातल्या गुरू-चेल्यांच्या घराकडे नुसतं नाक मुरडून चालणार नाही. टेस्टा आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हा ताण मोजायची जी प्रश्नावली केली, तिच्यात भारांबरोबर दोन आधारही मोजले: आपल्या माणसांशी जोडलेपण आणि स्वतःचा अभिमान. गुरूच्या घरात छप्पर मिळतं, नाव मिळतं, आजारपणात भाकरी मिळते. तिथली शिस्त कडक असते, बधाई-मंगतीच्या कमाईचा हिशोब द्यावा लागतो, हेही खरं. पण नोकरीसाठी ते घर सोडणाऱ्याला कारखान्याचं गाव दुसरं घर देणार नसेल, तर तो कशाच्या भरवशावर निघेल? पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि लैंगिकतेवर मराठीतून लिहिलं. आपल्याच भाषेत आपल्याविषयी वाचायला मिळणं, हाही एक आधारच.

तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्करक्षणाचा 2019 चा कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. नोकरीत भेदभाव करायला त्यानं मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायला सांगितलं. कारखान्याच्या नोटीस बोर्डवर सुरक्षा समितीची, महिला तक्रार समितीची नावं लावलेली असतात. त्यांच्या शेजारी या अधिकाऱ्याचं नाव आहे का, हे पुढच्या पाळीला पंच करण्याआधी पाहून घ्या. नसेल, तर एचआरला विचारा. आणि तिथे आहातच, तर गेटपासवरचं नाव बदलायला कुठला अर्ज लागतो, तेही विचारा.