मोहल्ल्यातला बचत गट : बैठक कधी, नियम कसे?

आज आम्ही मोहल्ल्यातल्या बचत गटांविषयी बोलणार आहोत. पनवेल शहरातला मोहल्ला असो, नाहीतर तळोजे परिसरातली गावं, इथल्या कोकणी मुसलमान बायकांचं घरकाम आणि पै-पै जोडण्याची सवय कुणापेक्षा कमी नाही. तरी गटाच्या यादीत त्यांची नावं कमी दिसतात. "घरचे पाठवत नाहीत," असं म्हणून आपण मोकळे होतो. काही घरांत परवानगीचा प्रश्न असतोच. पण गटांचं काम करताना आम्हांला दिसतं, की त्याआधी आपले नियमच त्यांच्या आडवे येतात. ते कसे, हे समजायला या बाईचा दिवस पाहावा लागेल.

दिवस फजरच्या अजानला सुरू होतो. नमाज, चहा, पाणी, शाळेचे डबे, कामावर जाणाऱ्यांची न्याहारी. मग धुणंभांडी, तांदूळ निवडणं, मच्छी साफ करणं, भाकऱ्या थापणं. जोहरच्या नमाजनंतर जेवणं उरकतात. अडीच ते चार एवढाच काय तो वेळ तिचा. मग असर, मुलांचं अरबी शिकायला जाणं-येणं, मगरीबला दिवेलागण, रात्रीचा स्वयंपाक, इशा. नवरा किंवा मुलगा आखातात असेल तर फोन रात्री उशिरा येतो, कारण दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आणि सौदी-कुवेतचं अडीच तास मागे. तो फोन होईपर्यंत ती जागी असते.

आता आपल्या बैठका कधी असतात? बऱ्याच गावांत जेवणं झाल्यावर, रात्री आठ-नऊला. त्या वेळी मोहल्ल्यातली सून बाहेर पडणार कशी? शुक्रवारची दुपारही नको. जुम्म्याच्या नमाजनंतर पुरुषमाणसं घरी जेवायला येतात. म्हणून दुपारी अडीचची वेळ धरा आणि बैठक आळीतल्याच एखाद्या खालाच्या घरी, आतल्या खोलीत घ्या. रमजानात सेहरी आणि इफ्तारीमुळे सगळा दिवसच बदलतो. रमजान दर वर्षी सुमारे १० ते ११ दिवस अलीकडे येतो, तेव्हा वर्षाचं वेळापत्रक करताना कॅलेंडर जवळ ठेवा. त्या महिन्यात एकच छोटी बैठक घेतली तरी चालेल. बचत चुकू नये, एवढं पाहा.

दुसरा नियम गैरहजेरीच्या दंडाचा. नवरा वारला तर बाई इद्दत पाळते. ती ४ महिने १० दिवसांची असते, आणि गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. या काळात ती सहसा घराबाहेर पडत नाही. अशा बाईला दंड लावणं किंवा तीन बैठका चुकल्या म्हणून तिचं नाव कमी करणं बरोबर नाही. 'इद्दतीत दंड नाही, बचत घरी जाऊन घ्यायची,' असा ठराव पहिल्याच बैठकीत वहीत लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट व्याजाची. गटातल्या कर्जावर शेकडा २ रुपये महिना व्याज ही सर्रास रीत आहे. इस्लामात व्याज घेणं-देणं मना आहे, म्हणून अनेक जणी गटाऐवजी भिशी लावतात. भिशीत व्याज नसतं, पण बहुतेक वेळा बँकेचं खातं नसतं, ठराव नसतो. पहिला नंबर घेऊन एखादीनं पैसे भरणं थांबवलं, तर बाकीच्यांच्या हातात पुरावा काय? गट बिनव्याजीही चालवता येतो. कर्ज दिलं तेवढंच परत घ्यायचं, वही-पावतीचा खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. बँकेच्या कर्जावर मात्र व्याज असतंच, तेव्हा ते घ्यायचं की नाही हे सगळ्यांनी मिळून वेगळं ठरवायचं. गटातलं व्याज शेवटी आपल्याच गटात राहतं, म्हणून काही जणींना ते चालतं, काहींना नाही. त्यात आम्ही निवाडा करत नाही. जे ठरेल ते लिहून ठेवा, एवढंच सांगतो.

लिहून ठेवण्यावर आमचा एवढा भर का? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण, ठाणे भागातल्या गावांची भातशेती संपादनात गेली. लावणी, खुरपणी, कापणी बायकाच करत होत्या. पण मोबदला मिळाला तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. राबणारीचं नाव कागदावर नसेल, तर पैसा तिच्या हातून जाणार हे ठरलेलंच.

तेच पुढे विधवा बाईच्या बाबतीत होतं. मेहर हा निकाहात ठरलेला तिचा हक्क. तो दिला गेला नसेल तर ते नवऱ्यावरचं कर्जच आहे. नवरा गेल्यावर वाटण्या होण्याआधी त्याच्या मालमत्तेतून ते फेडावं लागतं. त्यानंतर मूल असेल तर विधवेचा वाटा एक अष्टमांश, मूल नसेल तर एक चतुर्थांश. समजा, बाकी सगळी देणी फिटून ८ लाख रुपये उरले, मेहर ४० हजार बाकी आहे आणि मुलं आहेत. आधी ४० हजार तिचे. उरलेल्या ७ लाख ६० हजारांचा आठवा भाग ९५ हजार. म्हणजे १ लाख ३५ हजार तिच्या हक्काचे. मुलीलाही वाटा आहे, मुलाच्या निम्मा.

पण नेमकी इद्दतीत, ती घरात बसलेली असताना, कागद तिच्यासमोर येतात. "भाभी, इथं सही करा," एवढंच सांगितलं जातं. त्यात हक्कसोडपत्रही असू शकतं. गटातल्या बाया बचत घ्यायला तिच्या घरी जातात ना? त्यांनी तिला सांगावं, की वाचून घेतल्याशिवाय सही करू नको, निकाहनाम्याची नक्कल सांभाळून ठेव. घरजागा किंवा शेतजमीन असेल तर आधी वकिलाला विचार. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथं महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत चार गोष्टी ठरवा : वेळ कोणती, इद्दतीतल्या बाईची बचत आणायला कोण जाणार, व्याज घ्यायचं की नाही, आणि प्रत्येकीच्या निकाहनाम्याची नक्कल घरात आहे का. गटात दहा जणी असल्या तरी पुरे. चौघी-पाच जणी तयार असाल तर शेजारच्या दारावर थाप द्या. दुपारी अडीचला ती मोकळी असेल.