धातूचं दळण

देवळाली प्रवरेत साखरेचा दाणा म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. राहुरीचा साखर कारखाना शेजारीच. पण तोच दाणा दळून केलेली पिठीसाखर पावसाळ्यात डब्यात गोळा का होते? आपण दमट हवेला दोष देतो. तो अर्धाच खरा. दळताना कणांच्या पृष्ठभागावरची रेणूंची शिस्तशीर मांडणी विस्कटते आणि हा विस्कटलेला थर हवेतलं पाणी भराभर ओढून घेतो. दळणं म्हणजे नुसतं बारीक करणं नव्हे.

धातूंच्या बाबतीत हे प्रकरण फार पुढे जातं. बंद भांड्यात धातूची भुकटी आणि पोलादी गोळे घालून ते तासन्‌तास फिरवायचं, हे बॉल मिलिंग. सिमेंट कारखान्यातही गोळ्यांची चक्की असते, पण तिथला क्लिंकर, म्हणजे सिमेंटचे भाजलेले खडे, ठिसूळ. फुटला की संपलं. लोखंड, तांबं, निकेल हे चिवट गडी. दोन गोळ्यांत सापडलेला कण आधी चपटा होतो, शेजारच्या कणाला थंडच जोडला जातो, कडक होऊन फुटतो, पुन्हा जोडला जातो. प्रत्येक टोल्यासरशी अणूंच्या रांगा सरकतात, मध्येच तुटतात. या तुटी साचल्या की आतला स्फटिक विभागत जातो आणि शेवटी एकेक तुकडा १०-२० नॅनोमीटरचा उरतो. गंमत अशी, की भुकटीचा कण तेव्हाही मायक्रोमीटरांतच मोजावा लागतो. फरक कळतो तो क्ष-किरणांच्या आलेखावर: उंच, अरुंद शिखरं बुटकी आणि पसरट होतात.

१९६६ च्या सुमारास जॉन बेंजामिन यांनी इंटरनॅशनल निकेल कंपनीत ही रीत वापरली. निकेलच्या मिश्रधातूत यिट्रियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण वितळवून नीट मिसळत नाहीत; दळून मिसळतात. १९८३ मध्ये ओक रिज प्रयोगशाळेत कार्ल कॉख आणि सहकाऱ्यांनी निकेल आणि नायोबियमच्या भुकट्या एकत्र दळल्या, तेव्हा स्फटिकच उरला नाही. अणूंची मांडणी काचेसारखी बेशिस्त झाली. लोखंड आणि तांबं तर एरवी एकमेकांत फारसं विरघळतच नाहीत, पण चक्कीत एकाच स्फटिकजाळीत बसतात.

मात्र चक्की फसवतेही. गोळ्यांचं लोखंड झिजून भुकटीत उतरतं, फटीतून हवा शिरते. टायटॅनियमची षट्कोनी रचना दळून घनाकार झाल्याचे दावे झाले, तेव्हा अनेक अभ्यासकांनी आत शिरलेल्या नायट्रोजन-ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. म्हणून दळून नवी रचना मिळाली असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा: भांडं कशाचं होतं, आणि आत आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू होता की हवा?