बंड माफ झाले, पुढे काय?

अमेरिकेत पुन्हा यादवी होणार काय, हा प्रश्न गेली काही वर्षे तिकडे गंभीरपणे विचारला जात आहे. त्यावर पुस्तके निघाली, २०२४ साली चित्रपटही निघाला. आपल्याकडे मात्र कुणी हा विषय काढला तर लोक हसण्यावारी नेतात. जगावर बॉम्ब टाकणारी महासत्ता, तिच्या घरात कसले आले बंड! असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचा इतिहास वाचलेला नसतो. तिथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांचे बंड पूर्वी झालेले आहे, यशस्वीही झालेले आहे, आणि यशस्वी झाल्यावर त्याला बंड म्हणायलाही कुणी उरले नाही.

आधी अलीकडचे पाहू. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षपदाच्या निकालावर शिक्कामोर्तब चालू असताना पराभूत उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव कॅपिटॉलमध्ये, म्हणजे तिथल्या संसद भवनात घुसला. १४० च्या आसपास पोलीस जखमी झाले. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा त्या इमारतीत मिरवला गेला. यानंतर कायद्याने आपले काम चोख केले, असे वकील म्हणून मला म्हणावेच लागेल. दीड हजारांवर लोकांवर खटले भरले गेले. ‘ओथ कीपर्स’ या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या स्ट्युअर्ट ऱ्होड्स (हा गृहस्थ येल विद्यापीठात कायदा शिकलेला, म्हणजे आमच्याच धंद्यातला!) याला राजद्रोही कटाबद्दल १८ वर्षांची, तर ‘प्राउड बॉइज’च्या एन्रिके टारियोला २२ वर्षांची शिक्षा झाली. पुरावे तपासले गेले, ज्युरी बसली, आरोपींना वकील मिळाले.

आणि २० जानेवारी २०२५ रोजी, पुन्हा अध्यक्ष झाल्याच्या पहिल्याच दिवशी, ट्रम्प यांनी सुमारे १,५०० जणांना माफी दिली. ऱ्होड्ससह १४ जणांची उरलेली शिक्षा रद्द केली. पुढे काही दिवसांतच हे खटले चालवणाऱ्या अनेक सरकारी वकिलांना घरी बसवण्यात आले. माफी देणे हा अध्यक्षाचा घटनादत्त अधिकार आहे, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण ज्याच्यासाठी गुन्हा केला त्यानेच माफी द्यायची, असा पायंडा पडला की पुढच्या वेळी काठी उचलणाऱ्याचा हिशेब बदलतो. शिक्षेची भीती जाते आणि उरतो फक्त एक प्रश्न : आपला माणूस निवडून येईल की नाही?

हा रोग नवा नाही. १८७१ साली अध्यक्ष ग्रँट यांनी कू क्लक्स क्लॅनविरोधी कायदा करून घेतला, साउथ कॅरोलिनातील नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस स्थगित केले, शेकडोंना अटक केली. क्लॅनचे कंबरडे मोडले. म्हणजे मनात आणले तर राज्ययंत्रणा हे करू शकते! पण १८७२ साली दक्षिणेतल्या बहुतेक बंडखोर पुढाऱ्यांवरची पदबंदी उठवली गेली. १८७३ च्या ईस्टरला लुइझियानात कोलफॅक्स येथे कोर्टाची इमारत राखत बसलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्या सशस्त्र टोळीने हल्ला केला. कित्येकांना शरण आल्यावर ठार मारले. शेवटी दोषी ठरले तिघे. आणि १८७६ साली क्रुकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचीही शिक्षा टिकू दिली नाही. चौदावी घटनादुरुस्ती सरकारच्या कृतीला लागू होते, खासगी माणसांच्या कृतीला नाही, असा त्यातला युक्तिवाद. कागदावर हक्क शाबूत, गावात मात्र टोळीचे राज्य!

पण खरा धडा विल्मिंग्टनचा आहे, तो थोडा सविस्तर सांगतो. नॉर्थ कॅरोलिनातले हे तेव्हाचे सर्वांत मोठे शहर, बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. नगरपालिकेत कृष्णवर्णीय सभासद, पोलिसांत कृष्णवर्णीय शिपाई, आणि अलेक्झांडर मॅन्ली या कृष्णवर्णीय संपादकाचे ‘डेली रेकॉर्ड’ हे स्वतःचे वर्तमानपत्र. (तेव्हा गोऱ्या वर्चस्वाचा पक्ष होता डेमोक्रॅटिक, आणि कृष्णवर्णीय होते लिंकनच्या रिपब्लिकन पक्षात. आजच्या नावांवरून गोंधळू नये.) नोव्हेंबर १८९८ मध्ये राज्याची निवडणूक डेमोक्रॅटांनी दहशतीने जिंकली. नगरपालिकेची निवडणूक मात्र पुढच्या वर्षी होती. तेवढाही धीर नव्हता. १० नोव्हेंबरला अल्फ्रेड वॉडेल या माजी बंडखोर सैन्याधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली जमावाने आधी मॅन्लीचे कार्यालय जाळले, मग दिसेल त्या कृष्णवर्णीयाला गोळ्या घातल्या, मग महापौराला आणि सभासदांना बंदुकीच्या धाकाने राजीनामे द्यायला लावले. त्याच दिवशी वॉडेल महापौर झाला! मृतांची नक्की संख्या आजतागायत ठरलेली नाही. पुढारी माणसांना आगगाडीत बसवून हद्दपार केले. अध्यक्ष मॅकिन्ली यांच्याकडे आर्जवे गेली, ते गप्प राहिले. शिक्षा कुणालाही झाली नाही. १९०० साली साक्षरतेची अट घालून मताधिकारच काढून घेतला.

पहिल्यांदा जाळले ते वर्तमानपत्र, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आणि आग लावायला आधी वातावरण तापवले तेही वर्तमानपत्रानेच, जोसेफस डॅनियल्सच्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ने. हाच डॅनियल्स १९१३ साली वुड्रो विल्सन यांच्या मंत्रिमंडळात नौदलमंत्री झाला. त्याच साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ते तिथे असतानाच, १९१५ साली, क्लॅनचा गौरव करणारा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट निघाला, तो व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला आणि क्लॅन जॉर्जियात पुन्हा उभी राहिली. त्याच कोलंबियात प्रा. विल्यम डनिंग इतिहास शिकवत होते. गुलामीतून सुटलेल्यांना मताधिकार देणे हीच चूक होती, अशी मांडणी करणारा पंथ त्यांच्या नावाने ओळखला जातो. बंदुकीने केलेले काम पुढे पुस्तकाने पक्के केले ते असे.

मग आज शक्यता किती? १८६१ सारखे युद्ध होईल असे मला वाटत नाही. तेव्हा अकरा राज्ये, त्यांची सरकारे आणि सैन्ये एका बाजूला होती. आज एकाच टेक्सासमध्ये ह्यूस्टनसारखे शहर एका पक्षाचे आणि आजूबाजूची खेडी दुसऱ्या पक्षाची, आघाडी उघडणार कुठे? २०२१ साली लष्कर जागचे हलले नाही, उलट सेनाप्रमुखांनी त्या हल्ल्याचा लेखी निषेध केला. भीती आहे ती सुट्या हिंसेची. १९९५ साली ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत उडवून १६८ जीव घेणारी माणसे बोटावर मोजण्याइतकी होती. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांना आणि २०२२ साली बफेलोच्या बाजारात दहा जणांना मारणारे तर एकेकटेच होते. जून २०२५ मध्ये मिनेसोटाच्या आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीची घरात हत्या झाली. गोळी एकाच बाजूने सुटते असेही नाही : २०२४ मध्ये ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये उजव्यांचा तरुण नेता चार्ली कर्क मारला गेला. पण संघटित टोळ्या, जोडीला माफीची आशा, हे उजवीकडेच आहे. म्हणून राजधानी पडण्यापेक्षा एखादे विल्मिंग्टन होणे, मतमोजणी करणारा कारकून धमकीने पळून जाणे, हे मला अधिक संभवनीय वाटते.

आता चौदाव्या दुरुस्तीचे कलम ३ उरते. घटनेची शपथ घेऊन बंडात सामील झालेल्याला पुन्हा पद नाही, असे ते सांगते. कोलोरॅडोने ते ट्रम्प यांना लावले. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केंद्रीय पदाच्या बाबतीत हे राज्यांना करता येणार नाही, काँग्रेसने कायदा करावा. काँग्रेसने तो केला नाही. न्यू मेक्सिकोतील एका काउंटी कमिशनरला मात्र २०२२ साली तिथल्या न्यायालयाने याच कलमाखाली पदावरून काढले. ६ जानेवारीपायी या कलमाने पद गेले ते एवढ्या एकाच माणसाचे.