काळे झबले, पांढरा हलवा

एरवी तान्ह्या बाळाला काळे कपडे घालायला घरातली वडीलधारी मंडळी सहसा तयार होत नाहीत. बारशाला नाही, उष्टावणाला नाही. काळ्याचा मान असतो तो गालावरच्या तिटेपुरता. संक्रांत मात्र याला अपवाद. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला आजीच काळे कापड आणायला सांगते आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने चढतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीचा दिवस पाहून बोरन्हाण होते. पाटावरच्या बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा ओततात आणि ती लूट वेचायला शेजारपाजारची चिल्लीपिल्ली धावतात.

काळेच का? काळा रंग उष्णता शोषतो, म्हणून थंडीत काळे, असे आपल्याला सांगितले जाते. उन्हात ते खरेच आहे. पण घरात पाटावर बसलेल्या बाळाला ऊब मिळते ती कापडाच्या पोतामुळे. डोळ्यांना पटणारे कारण साधे आहे, काळ्यावर पांढरा हलवा जसा उठून दिसतो, तसा दुसऱ्या कशावर दिसत नाही.

हा हलवा करणे म्हणजे सबुरीची परीक्षा. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, खाली अगदी मंद आच. त्यावर साखरेचा एकतारी पाक चमचाभर घालायचा आणि दाणे कोरडे होईपर्यंत बोटांनी हलवत राहायचे. मग पुढचा चमचा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर रंग पिवळा पडतो. काटे छान फुलायला काही दिवस जातात. हवा कोरडी आणि गार लागते, म्हणून थंडीतच हे काम जमते.

पुढे दागिने. हलव्याच्या दाण्याला सुईने भोक पाडायला गेले तर तो फुटतो. म्हणून ओवण्याऐवजी दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवत जायचे. अशा सरांतून हार, बाजूबंद, मनगट्या, कमरपट्टा होतात. मुकुटाला आणि कृष्णाच्या बासरीला आत पुठ्ठ्याचा आधार लागतो. मध्ये सोनेरी मणी, जरीची किनार, एखादा गोंडा.

आता हे सगळे तयार मिळते. दादरला, पुण्यात तुळशीबागेत जानेवारी उजाडला की काळ्या पुठ्ठ्यावर मांडलेले संच दिसू लागतात. ते घेण्यात कमीपणा काहीच नाही. कित्येक घरांतल्या बायकांनी परातीपुढे बसून केलेल्या कष्टांचे ते मोल असते. त्यात घासाघीस करू नये, एवढेच.

पण बाळ वर्षा-दोन वर्षांचे असेल तर थोडे थांबून विचार करायला हवा. या वयात हाताला लागेल ते तोंडात जाते. हलव्याचा टणक दाणा, निखळलेला मणी, शेंगदाणा, बोराची बी यांतले काहीही श्वासनलिकेत अडकू शकते. गळ्यातल्या हाराचा दोरा ओढला जाऊन आवळण्याचे भय वेगळेच. सण बाळाचा, आणि जीव मुठीत धरायचा आईने, असे कशाला?

यावर घरच्या सुई-दोऱ्याकडे चांगले उत्तर आहे. लहान बाळाचे दागिने अंगावर घालण्याऐवजी कापडावरच काढावेत. मऊ सुती काळे कापड घ्यावे आणि रंग जातो का ते पाहण्यासाठी आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावे. झबले मागून उघडे, रुंद गळ्याचे बेतावे. मग खडूने गळ्याभोवती हाराची रेघ आखून पांढऱ्या जाड दोऱ्याने जवळजवळ गाठीचे टाके घालावेत. प्रत्येक गाठ हलव्याच्या दाण्यासारखी दिसते, आणि ती निघून येत नाही. बाह्यांवर बाजूबंद, कमरेशी पट्टा, मध्ये पिवळ्या रेशमाचे पदक. गाठी उलट बाजूने टोचू नयेत म्हणून आतून जुन्या धोतराचा किंवा साडीचा तुकडा अस्तर म्हणून लावावा. टिकल्या, मणी, टाचण्या, सेफ्टी पिना यांना इथे रजा द्यावी. टोपड्यालाही अशीच गाठींची किनार केली की मुकुटाची हौस भागते.

खरा हलवा मग कुठे? औक्षणाच्या तबकात, पाहुण्यांच्या हातावर आणि वेचायला आलेल्या मोठ्या मुलांच्या खिशात. बाळावर ओतायला चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या पुरतात. शेंगा आणि बोरे पाटाभोवती मांडली तरी शास्त्र चुकत नाही. कार्यक्रम संपला की आधी जमीन झाडून घ्यावी, गप्पा नंतर. कोपऱ्यात राहिलेला एक दाणा रांगणाऱ्या बाळालाच सर्वांत आधी सापडतो.

चार-पाच वर्षांच्या मुलांना मात्र खऱ्या हलव्याचे दागिने जरूर घालावेत, आणि करतानाही जवळ बसवावे. दाणे निवडून देणे, मोठे दाणे वेगळे करणे, दोऱ्याचे टोक धरणे ही कामे त्यांना आवडतात. निवडता निवडता थोडे तोंडात जाणारच, तेवढे जास्तीचे धरून चालावे.

हलव्याचे दागिने पावसाळी हवेत ओलसर होतात आणि मुंग्यांना त्यांचा पत्ता बरोबर लागतो. दोऱ्याच्या हलव्याचे झबले तसे नाही. ते धुऊन, घडी घालून ठेवावे. पाठच्या भावंडाला, नाहीतर पुढच्या वर्षी नणंदेच्या बाळाला ते उपयोगी पडेल. एका घरातली बाळे एकामागून एक त्याच झबल्यात पाटावर बसली, तर कापडही तोवर अधिक मऊ झालेले असेल.