सहजीवनाचा सुवर्णमहोत्सव

विवाहाला २५ वर्षे झाली की रौप्यमहोत्सव आणि ५० वर्षे झाली की सुवर्णमहोत्सव साजरा होतो. ही प्रथा पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आली. आपल्या परंपरेत वयाची ६० वर्षे पूर्ण झाल्यावर षष्ट्यब्दीपूर्ती आणि सुमारे ८१ व्या वर्षी, हजार पौर्णिमा पाहून झाल्या म्हणून, सहस्रचंद्रदर्शन करतात. तेथे एका व्यक्तीचे वय मोजले जाते. सुवर्णमहोत्सवात दोघांचे सहजीवन मोजले जाते; म्हणून त्यातील मानही दोघांचा समान असतो.

समारंभात मात्र हे भान अनेकदा सुटते. वडिलांच्या कर्तृत्वाचे गोडवे गायले जातात. आईचे श्रम 'संसार केला' एवढ्या दोन शब्दांत संपतात. काही घरांत तर त्या दिवशीही ती स्वयंपाकघरातच असते. भारतात मुलीच्या विवाहाचे किमान वय १५ वरून १८ वर्षे झाले, ते १९७८ साली. त्यापूर्वी लग्न झालेल्या कितीतरी मुलींचे शिक्षण विवाहामुळेच अर्धवट राहिले.

म्हणून मुलांनी समारंभ ठरवताना आईवडिलांना वेगवेगळे विचारावे : कोणाला बोलवायचे, जेवणात काय करायचे? त्या दिवशीचा स्वयंपाक इतरांनी सांभाळावा. औक्षण दोघांचेही करावे. लग्नाची जुनी पत्रिका, एखादे छायाचित्र समोर ठेवून नातवंडांनी आजीलाही बोलते करावे. तिने आपली हकिकत स्वतःच्या शब्दांत सांगितली आणि घराने ती ऐकली, म्हणजे हा सन्मान खऱ्या अर्थाने दोघांचा झाला.