नोकरी ठेवून सनद: एक लाडका गैरसमज

ओझरला विमानांचा कारखाना आला १९६४ साली. त्याच्याबरोबर आल्या पाळ्या, टाऊनशिप, महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा पगार आणि नोकरी सांभाळून आणखी काहीतरी शिकून घेण्याची हौस. नाशिक जवळ, तिथं कायद्याची महाविद्यालयं, आणि पदवीनंतर तीन वर्षांचा एल.एल.बी. करता येतो. त्यामुळे कारखान्यातले तंत्रज्ञ, बँकेतले कारकून, शाळेतले शिक्षक, पंचायत समितीतले कर्मचारी अशा बऱ्याच घरांत कायद्याची पदवी येऊन बसते. तिथवर वावगं काहीच नाही. वावगं सुरू होतं ते पुढच्या सल्ल्यापासून. निफाड कोर्टाच्या आवारापासून ओझरच्या चहाच्या टपरीपर्यंत तो इतक्या आत्मविश्वासानं दिला जातो, की ऐकणाऱ्याला ते कायद्याचं कलमच वाटावं: ‘सनद काढून ठेव. नोकरी चालू राहू दे. पडून राहिली तर काय खायला मागते का?’ मागते. कधी सनदच खाऊन टाकते, कधी नोकरीही अडचणीत आणते. तरीही हा सल्ला मरत नाही, कारण तो देणाऱ्यानं बार कौन्सिलचा अर्ज बहुधा कधी नीट वाचलेला नसतो.

वकिलीची नोंदणी होते ती ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ या कायद्याखाली. कलम २४ मध्ये पात्रता आहे: भारतीय नागरिकत्व, वय २१ पूर्ण, मान्यताप्राप्त कायद्याची पदवी. सल्ला देणारे इथवर येऊन थांबतात. पण त्याच कलमात आणखी एक अट आहे: राज्य बार कौन्सिलनं केलेल्या नियमांत ज्या अटी असतील, त्याही पुऱ्या कराव्या लागतात. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचा नियम असा, की इतर सगळ्या बाबतींत पात्र असलेली व्यक्ती पूर्णवेळ किंवा अर्धवेळ नोकरीत असेल, अथवा दुसरा व्यापार, धंदा किंवा व्यवसाय करत असेल, तर तिला वकील म्हणून दाखल करून घेतलं जाणार नाही. ‘अर्धवेळ’ हा शब्द पुन्हा वाचावा, कारण ‘माझी तर कंत्राटी, चार तासांची नोकरी आहे’ हा पुढचा युक्तिवाद तयारच असतो. या नियमाला अपवाद आहेत, पण मोजके: कायद्याचे अर्धवेळ प्राध्यापक, वकिलाकडे काम करणारा सहायक, अशा प्रकारचे. लेथ मशिनवरचा कामगार किंवा पतसंस्थेचा रोखपाल त्यांत बसत नाही. आणि आधी सनद घेऊन मग नोकरी धरली, तर भारतीय बार कौन्सिलचा ४९ क्रमांकाचा नियम आडवा येतो. वकिली करत असेपर्यंत वकिलाला कुणाचीही, सरकारची, कंपनीची वा खासगी माणसाची, पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी घेतलीच तर तसं बार कौन्सिलला कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली बंद ठेवायची.

‘असे नियम असतात हो, कोर्टात टिकत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक निकाल आहे, आणि तो आपल्याच राज्यातला आहे. मुंबईतले एक शल्यविशारद, डॉ. हनीराज चुलानी, यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवूनच सनद मागितली. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलनं नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये डॉक्टर हरले. व्यवसाय-स्वातंत्र्याचा मूलभूत हक्क, म्हणजे राज्यघटनेतलं कलम १९(१)(छ), त्यांच्या बाजूनं मांडला गेला होता. न्यायालयानं वकिलीला पूर्ण वेळ आणि पूर्ण लक्ष लागतं हे मान्य केलं आणि बंधन वाजवी ठरवलं. आता विचार करावा: स्वतःच्या वेळेचा मालक असलेल्या, कुणाचा नोकर नसलेल्या डॉक्टरला जे मिळालं नाही, ते हजेरीपटावर सही करणाऱ्याला कसं मिळेल? निफाडच्या कोर्टात पक्षकाराची तारीख सकाळी अकराला पुकारली जाते, आणि पहिली पाळी तेव्हा संपलेली नसते. वकील कारखान्यात आणि पक्षकार कोर्टाच्या बाकावर, असा देखावा टाळण्यासाठीच तो नियम आहे. बार कौन्सिलची ही आढ्यता नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘पण कंपनीची एनओसी आहे ना!’ असू दे. हिमाचल प्रदेशातल्या वीज मंडळाच्या एका विधी अधिकाऱ्याची गोष्ट सर्वोच्च न्यायालयासमोर २००१ मध्ये आली. मंडळाच्या परवानगीनं त्यानं सनद घेतली होती आणि त्याचं कामही कायद्याचंच होतं. तरीही तो पूर्णवेळ पगारी नोकर होता, म्हणून त्याची नोंदणी रद्द करणं न्यायालयानं योग्य ठरवलं. मालकाची परवानगी मालकापुरती. बार कौन्सिलचा नियम मालकानं शिथिल करायचा प्रश्नच येत नाही. दुसरा आक्षेप अधिक साळसूद असतो: ‘मी कोर्टात उभा राहणारच नाही, नाव फक्त यादीत असू दे.’ इथं अडचण नीतीची कमी आणि शपथेची जास्त आहे. अर्जासोबत आपण नोकरीत नाही असं लिहून द्यावं लागतं. नोकरीत असताना ते लिहून देणं म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र. कलम २६ नुसार, महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून किंवा फसवणुकीनं यादीत नाव घातलं असेल, तर भारतीय बार कौन्सिलला ते काढून टाकता येतं. नोकरीतल्या शिस्तीच्या नियमांचं काय होतं, ते ज्यानं त्यानं आपल्या आस्थापना विभागाला विचारावं.

हा गैरसमज अलीकडे पुन्हा जोरात आहे, त्यामागे एक ताजं कारण आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. लगेच हिशेब सुरू झाला: आज सनद, तीन वर्षं नोकरी, मग परीक्षा. त्यातला अर्धा हिशेब बरोबर आहे. तीन वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची, असं त्या निकालात खरोखर आहे. पण वर्षं नुसती उलटून भागत नाही. किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचं प्रमाणपत्र आणि त्यावर त्या ठिकाणच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं पृष्ठांकन लागतं, उमेदवारानं खरोखर वकिली केली याचं. कपाटातल्या सनदेसाठी असं प्रमाणपत्र देणारा वकील स्वतःही अडकतो, आणि ज्या परीक्षेतून न्यायाधीश व्हायचं तिचा पायाच खोटा ठरतो. न्यायाधीश होऊ पाहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं, याचं मात्र आश्चर्य वाटतं.

मग नोकरदारानं करायचं काय? सनद आधीच आहे आणि आता नोकरी मिळाली, तर सरळ मार्ग उपलब्ध आहे: मूळ सनद जमा करून बार कौन्सिलकडे वकिली स्थगित करून घ्यायची, नोकरी सोडल्यावर पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करायचा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट अशी नोंद असलेल्या माणसावर पुढे बोट ठेवता येत नाही. नियम वाटतात तितके आडमुठेही नाहीत. कायदा शिकवणं (दिवसाला तीन तासांपर्यंत), परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणं, कायद्याची पुस्तकं संपादित करणं हे वकिलाला चालतं. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत वडिलांची आडत असेल आणि ती वारशानं आली असेल, तर तिच्यातला हिस्सा ठेवता येतो. फक्त गाळ्यावर बसून लिलाव आणि हिशेब स्वतः पाहायचे नाहीत. आणि साठीला निवृत्त होणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ‘पंचेचाळिशीनंतर सनद मिळत नाही’ हा नियम एकेकाळी खरंच होता. भारतीय बार कौन्सिलनं तो केला होता आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच तो रद्द केला. नोंदणीला वयाची वरची मर्यादा नाही. निवृत्तिवेतन म्हणजे नोकरी नव्हे. तेव्हा नोकरीत असताना चोरून जे करायचं, ते निवृत्तीनंतर उजळ माथ्यानं करता येतं, आणि तेही त्याच पदवीवर.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण हट्टी. एल.एल.बी.चा निकाल लागला की लग्नपत्रिकेत नावाआधी ‘ॲड.’ छापून येतं. पदवी विद्यापीठ देतं, वकिलीचा हक्क नोंदणीनंच येतो, आणि हक्क नसताना कोर्टात वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात, हे नाशिकमध्ये १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना विचारायला हवं होतं. ऑक्सफर्डची बी.सी.एल. परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली, पण बाई म्हणून वकिलांच्या यादीत नाव यायला अलाहाबाद उच्च न्यायालयात १९२१ उजाडलं.

‘आधी ऑल इंडिया बार परीक्षा, मग सनद’ हा क्रमही बहुतेकांच्या डोक्यात उलटा बसलेला आहे. रूढ पद्धत अशी: आधी तात्पुरती नोंदणी, मग दोन वर्षांच्या आत परीक्षा. ती न झाल्यास वकिली थांबते. प्रयत्नांना मर्यादा नाही आणि प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. या परीक्षेची वैधता पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केली, त्यामुळे ‘ती लवकरच रद्द होणार आहे’ या बातमीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्राची सनद महाराष्ट्रातच चालते, हा समज अमेरिकी मालिकांतून आलेला दिसतो. तिथं प्रत्येक राज्याची परवानगी वेगळी असते. आपल्याकडे पूर्वी जिल्ह्यापुरते प्लीडर असत, त्याची आठवणही या समजाला खतपाणी घालत असेल. पण कलम ३० हे १५ जून २०११ पासून लागू आहे, आणि कोणत्याही राज्याच्या यादीतला वकील देशभर कुठल्याही कोर्टात उभा राहू शकतो. गोव्यासाठी तर वेगळी कौन्सिलच नाही, दोन्ही राज्यांची एकच आहे. काही उच्च न्यायालयं बाहेरच्या वकिलानं स्थानिक वकिलाला सोबत घ्यावं अशी अट घालतात. अलाहाबादची तशी अट २०१६ मध्ये टिकली. कायमचं दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यास कलम १८ खाली नाव तिकडच्या यादीत हलवता येतं, त्याला शुल्क नाही.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीवर कायदा शिकता येत नाही, हे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या शहरात तरी कुणी म्हणू नये. बारावीनंतर घेतलेली मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. अडतं ते दहावीनंतर थेट पूर्वतयारी परीक्षा देऊन, बारावी न करता पदवी घेतलेल्यांचं. २००८ च्या विधी शिक्षण नियमांत ते स्पष्ट आहे, आणि आय.टी.आय. करून कारखान्यात लागलेल्यांनी प्रवेशाच्या आधीच ते तपासावं, तीन वर्षांची फी भरून झाल्यावर नाही. एकदा पोलीस केस झाली की सनद कायमची गेली, हेही खरं नाही. कलम २४अ मध्ये नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली दोषसिद्धी आड येते, आणि तीही सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते. केस लपवणं मात्र वेगळी आणि अधिक मोठी भानगड. सनद मिळाली की शिक्का घेऊन नोटरी होता येतं, हेही नाही: सर्वसाधारण उमेदवाराला त्यासाठी दहा वर्षांची वकिली लागते.

शेवटी खर्च. ‘सनदेला वीस-पंचवीस हजार लागतात’ हे वाक्य काही वर्षांपूर्वीपर्यंत अगदीच चूक नव्हतं. निरनिराळ्या राज्यांत नोंदणीच्या नावाखाली हजारो रुपये घेतले जात, ओडिशात तर ४२ हजारांच्या वर. कायद्यात आकडा मात्र आहे: राज्य कौन्सिलला ६०० आणि भारतीय बार कौन्सिलला १५०, मिळून ७५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ रोजी, गौरव कुमार प्रकरणात, त्याहून एक रुपयाही नोंदणीची अट म्हणून घेता येणार नाही असं ठरवलं. मुद्रांक शुल्क लागू असेल तर ते वेगळं, आणि बार परीक्षेचं शुल्कही वेगळं. नंतर ‘ऐच्छिक’ म्हणून रकमा मागण्याचा प्रकार सुरू राहिला, तोही ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं थांबवायला सांगितलं. २०२४ च्या निकालाआधी ज्यांनी जास्त भरले त्यांना परतावा नाही. निकाल पुढच्या काळापुरताच लागू आहे.